जित्या जनावरांची डॉक्टर

मे महिन्यात एक रविवार असा येतो की पनवेलच्या शाळांबाहेर आया आपल्या मुलींची कानातली मुठीत धरून उभ्या असतात. परवा सकाळची ड्यूटी संपवून मी रिक्षानं घरी निघाले, तर तो रविवार रस्त्यातच भेटला. नीटची परीक्षा. आत मुली पेपर लिहीत होत्या आणि बाहेर बदामाच्या झाडाखाली त्यांचे आईबाप ऊन चुकवत बसले होते. आत कानातलं चालत नाही, गळ्यातलं चालत नाही, घड्याळही नाही. ते सगळं आयांच्या मुठीत, नाहीतर बापाच्या शर्टाच्या खिशात. मी रिक्षा थांबवली. रसवंतीवर जाऊन उसाचा रस घेतला आणि उगाचच त्यांच्यात जाऊन उभी राहिले.

शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमची पण आत आहे का?"

"नाही हो, माझी झाली डॉक्टर."

"अय्या! कुठल्या हॉस्पिटलला?"

"जनावरांची डॉक्टर आहे."

चेहऱ्यावरचं कौतुक कुठं ठेवावं हे तिला कळेना. मग म्हणाली, "हो का? छान. कुत्र्यामांजरांचे खूप चार्ज करतात म्हणे हल्ली." मी हसले. पूर्वी अशा वेळी मला दोन वाक्यं जास्त बोलायची सवय होती. मार्क तसे चांगले होते हो, तिनं स्वतःहून घेतलं, वगैरे. आता नाही बोलत. रस संपवला, ग्लास ठेवला आणि घरी आले. पण दिवसभर तो जुना मे महिना काही डोक्यातून जाईना.

आम्ही करंजाड्याला राहतो. आमच्या खिडकीतून तेव्हा विमानतळाचं काम दिसायचं. त्या वर्षीच्या मे महिन्यात दुपारभर तांबूस धूळ यायची. मी पुसलेल्या टेबलावर तासाभरात बोट फिरवलं तर रेघ उमटायची. त्याच टेबलावर माझी मुलगी संघमित्रा, आमची मितू, दुसऱ्यांदा नीटचा अभ्यास करत होती. आता त्याच खिडकीतून विमानं उडताना दिसतात आणि टेबल रिकामं आहे.

घरात आम्ही चौघं. मी पनवेलच्या एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. मितूचे पप्पा महाप्याला एका कंपनीत नोकरीला. आणि माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते आणि मितू आजोबा. बाबा मराठवाड्यातल्या एका खेड्यातून तरुणपणी इकडे आले, महाप्याच्याच कारखान्यात मशीनवर उभे राहून निवृत्त झाले. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय ते खाली दूध आणायलाही जात नाहीत. गावाबद्दल फारसं बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, यांना गाव आवडत नसेल. त्यामागं काय होतं ते मला फार उशिरा कळलं, आणि तेही मितूमुळे.

मितूला हे वेड लागलं ते दहावीत. आमच्या सेक्टरच्या मागे मोकळा प्लॉट होता, तिथं कचरा पडायचा आणि मोकाट गाई प्लास्टिक खायच्या. त्यातली एक गाय एके दिवशी पोट फुगून उभी राहिली, हलेना. कुणीतरी म्हात्रे मॅडमना बोलावलं. म्हात्रे मॅडम म्हणजे नवीन पनवेलच्या जनावरांच्या डॉक्टर, उरणकडच्या आगरी घरातल्या. दिवसभर दवाखान्यात कुत्री-मांजरं बघायच्या आणि वेळ मिळाला की स्कूटर काढून गावागावांतल्या गोठ्यांत जायच्या. त्यांनी त्या प्लॉटवरच गाईला खांबाला बांधून ऑपरेशन केलं. मितू क्लासला निघाली होती, ती तिथेच थांबली. घरी आली तेव्हा तिचे डोळे एवढे मोठे झाले होते.

"आई, गाय उभी होती! पोट उघडं होतं, मॅडमचा हात कोपरापर्यंत आत होता, आणि गाय उभी. मध्येच तिनं कान हलवला. माशी बसली होती ना, म्हणून."

एका गाईच्या पोटातून निघालेल्या पिशव्यांचा ढीग तिनं मला हातानं दाखवला. घमेलं भरून, वर आणखी. मी वॉर्डात असलं पुष्कळ पाहिलेलं, मला नवल नव्हतं. पण शेवटी ती जे म्हणाली ते मी विसरले नाही. "आणि आई, ती सांगू शकत नव्हती ना, कुठे दुखतंय ते. मॅडमनी नुसता हात ठेवून ओळखलं."

तेव्हापासून तिचं ठरलं. मला वाटलं, वय आहे, जाईल. अकरावीला सायन्स घेतलं, बायोलॉजी ठेवलं, तोपर्यंत कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं. डॉक्टर व्हायचं म्हणजे वाट तीच. मी मनातल्या मनात तिला आमच्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये पांढऱ्या कोटात चालताना पाहत होते. मी इतकी वर्षं त्या कोटांच्या मागून ट्रे घेऊन चालले. माझी मुलगी पुढे चालेल असं वाटण्यात चूक काय होती?

बारावीच्या सुरुवातीला एकदा जेवताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. "मी ठरवलंय. नीट द्यायची, पण व्हेटर्नरीला जायचं. साडेपाच वर्षांचा कोर्स असतो, इंटर्नशिप धरून. मला गाईम्हशींची डॉक्टर व्हायचंय."

पप्पा म्हणाले, "आधी मार्क तर येऊ देत." मी वाढत राहिले. बाबांनी मात्र हातातली भाकरी ताटात ठेवली. विचारलं, "ढोरांची?"

"हो आजोबा."

ते ताटावरून उठले. हात धुतले, आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात कुणी ताटावरून उठत नाही. मितू माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, आपण काहीतरी घाण बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्याशी मेथी निवडत होते तेव्हा बाबा आले आणि स्टूल ओढून बसले. जुडी सोडली, एकेक काडी खुडायला लागले. मग त्यांनी सुरुवात केली, मेथीकडे बघतच.

"वैशाली, आमचं घर गावाच्या पार कडेला होतं. कुणाचं ढोर मेलं की सांगावा यायचा. माझा बाप जायचा. भावकीतले आणखी दोघं-तिघं. मी लहान होतो, मागं मागं जायचो. ओढत न्यायचं गावाबाहीर. तिथं पुढचं काम. त्यो वास अंगाला बसायचा, जायचा न्हाई. शाळेत पोरं नाक धरायची."

मी हातातली मेथी खाली ठेवली.

"मग एक दिवस आमच्या वस्तीत बैठक झाली. ठरलं, आजपासून मेलेलं ढोर ओढायचं न्हाई. काय वाट्टेल ते होऊ दे. गावानं दुकान बंद केलं आम्हाला. रानातली वाट बंद केली. माझी माय अंबाडीची भाजी उकडून घालायची, नुसती. पण बाप हटला न्हाई. त्यानं मला सांगितलं, तू शीक आणि ढोरापासनं लांब जा. मी आलो, बाई. लई लांब आलो. आन आता ही पोरगी म्हणायली, मी तिकडंच जाते."

इतक्या वर्षांत त्यांनी हे त्यांच्या मुलालाही इतकं उघड सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हणाले, "बाबा, हे मितूला सांगा. तुमच्याच तोंडून कळू दे तिला."

"सांग तूच," ते म्हणाले आणि मेथीच्या काड्या गोळा करून उठले.

मी सांगितलं. मितू सतरा वर्षांची होती तेव्हा. ऐकताना तिचा चेहरा काळवंडला, रडली, आणि मग दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मला वाटलं, बदलला विचार. तिसऱ्या दिवशी ती म्हात्रे मॅडमकडे गेली आणि मला बरोबर घेऊन गेली.

मॅडमच्या दवाखान्यात बाकावर एक कुत्रा मालकाच्या पायात डोकं घालून बसला होता. मॅडमनी त्याचं काम उरकलं, हात धुतले आणि मितूला समोर बसवलं. त्यांचं बोलणं एक घाव दोन तुकडे.

"हे बघ, पपी क्यूट वाटतं म्हणून येणाऱ्या खूप असतात. पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये घोडा टांगलेला दिसला की परत जातात. तुला यायचंय ना? मग आधी दर रविवारी माझ्याबरोबर गोठ्यात ये. शेणात उभी राहा. लाथ खा. तरी आवडलं तर पुढचं बोलू. अभ्यास तोच, नीटचाच. पण एक लक्षात ठेव, मेडिकलचा अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडचा अर्ज वेगळा भरावा लागतो, हुशार हुशार पोरं तिथं चुकतात. डिग्री झाली की कौन्सिलकडे नाव नोंदवायचं. पुढं शिकायचं तर शिक, नाहीतर सरकारी परीक्षा देऊन पशुधन अधिकारी हो. तालुक्याच्या दवाखान्यात बस. तिथं गरज आहे, इथं पनवेलात माझ्यासारख्या पुष्कळ आहेत."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही नर्स आहात ना? मग अर्धं तर घरातच शिकेल ती."

खरंच शिकली. त्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात काय काय झालं! संत्र्याला इंजेक्शन द्यायला मी तिला शिकवलं. माझ्याच हातावर शीर शोधायला शिकवली. ती मला सांगायची, गाईला सलाईन मानेच्या शिरेतून लावतात, अंगठ्यानं दाबलं की दोरीसारखी वर येते. मी माझ्या पेशंटचं सांगायचे, ती तिच्या म्हशींचं. रविवारी संध्याकाळी ती घरी आली की दारातच चपला काढून थेट बाथरूममध्ये जायची, बाबांना तो वास लागू नये म्हणून. साबण लावून लावून कोपरं लाल करायची. आणि बाबा त्या वेळी बरोबर बाल्कनीत जाऊन बसायचे, पाठ करून. दोघंही एकमेकांना जपत होते.

बारावीला चांगले मार्क मिळाले, नीटला कमी पडले. पशुवैद्यकीयच्या यादीतही थोडक्यात नंबर गेला. तिच्या वर्गातल्या मुली कुठे कुठे लागल्या, कुणी फार्मसी, कुणी बीएस्सी. मितू म्हणाली, "मी परत देते." वर्षभर तिनं त्या खिडकीपाशी टेबल धरलं. नातेवाइकांचे फोन यायचे, काय करते सध्या? घरीच असते का? मी म्हणायचे, अभ्यास करते. "अजून?" असं पलीकडून यायचं. त्या एका शब्दाला मी जेवढी उत्तरं मनात तयार केली तेवढी कशालाच केली नसतील.

आणि मग तो मे. दुसरी परीक्षा झाली, निकालाला वेळ होता. हवेत चिकटपणा, पाणी एक दिवसाआड, सोसायटीत टँकरसाठी भांडणं. असाच एक रविवार, दुपारची वेळ. मॅडमचा फोन आला, करंजाड्याच्या मागच्या गावात एक म्हैस अडलीय, येतेस का? मितू निघाली. मला सुट्टी होती, मी म्हटलं मीही येते. तर बाबा आपल्या खोलीतून शर्टाची बटणं लावत बाहेर आले. "पोरगी कुठं कुठं जाती ते बघून येतो," म्हणाले. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर ते परत फिरले असते.

गोठा म्हणजे नव्या टॉवरांच्या मध्ये अडकलेलं एक पत्र्याचं छप्पर. एका बाजूला सतरा मजले, दुसऱ्या बाजूला चिंच, मध्ये चार म्हशी. मालकीण हिराबाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, घामानं निथळत होती.

"सकालपासून कला येत्यात बाय तिला," ती मॅडमना म्हणाली. "एक पाय दिसतो, दुसरा नाय. माजी सोन्यासारखी म्हस हाय वो ती."

मॅडमनी बाही वर केली, हात आत घातला, डोळे मिटले. "रेडकाचा एक पाय मागे दुमडलाय. मितू, कोमट पाणी, साबण. शेपटी धर, एका बाजूला." मितूनं धरली. म्हैस कण्हत होती, आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला. लेबर वॉर्डात मी तो रोज ऐकते. मॅडम हळूहळू तो पाय सरळ करत होत्या, मितू पाणी ओतत होती, म्हशीशी बोलत होती. झालं गं, होतंय, होतंय. कितीतरी वेळ गेला. मग मॅडम म्हणाल्या, "आता ओढ. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं, मध्ये नाही." मितू आणि हिराबाईनं मिळून ओढलं. आणि एकदम, पाण्यासकट, चिखलासारखं काळं रेडकू गवतावर आलं.

ते हलत नव्हतं.

मितूनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला. काडी घेऊन नाकात खुपसली, शिंक यावी म्हणून. "पोतं द्या कुणीतरी, चोळायला!" ती ओरडली. मी इकडेतिकडे बघतेय तोवर कुंपणापाशी उभे असलेले बाबा आत आले होते. खाली पडलेलं गोणपाट त्यांनी उचललं, इस्त्रीच्या शर्टातच गुडघ्यावर बसले आणि त्या रेडकाची छाती चोळायला लागले. जोरात, दोन्ही हातांनी. मितू एका बाजूनं, ते दुसऱ्या बाजूनं. रेडकानं एक झटका दिला. खोकलं. मग मान उचलायचा प्रयत्न केला आणि ती परत आपटली, पण आता त्याची बरगडी वरखाली होत होती. म्हशीनं मागे वळून त्याला चाटायला सुरुवात केली, आणि चाटता चाटता बाबांचा हातही चाटला.

हिराबाईनं पदरानं डोळे पुसले. "कुनाची गं तू पोरी?" तिनं मितूला विचारलं. मितूनं बाबांकडे बोट दाखवलं. "यांची."

परतताना रिक्षात बाबा मध्ये बसले होते. शर्टाची वाट लागली होती. हात त्यांनी उलटे करून मांडीवर ठेवले होते, धुतले असले तरी. हायवेला लागल्यावर ते म्हणाले, "कोमट होतं गं."

मितूला कळलं नाही. "काय आजोबा?"

"रेडकू. हात लावला तर कोमट लागलं." मग म्हणाले, "मला ढोर आठवतं ते थंडगारच. जितं ढोर कधी आमच्या हातात दिलंच न्हाई कुणी."

मितूनं त्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. रिक्षावाल्यानं गाणं लावलं होतं, ते त्यानं का कोण जाणे बंद केलं.

निकाल लागला. मार्क इतके आले की नवी मुंबईतच, घरून जाऊन येऊन दातांच्या कॉलेजात जागा मिळत होती. पशुवैद्यकीयला मिळणार होती मराठवाड्यात, बाबांच्या गावापासून फार लांब नाही अशा शहरात. घरात पुन्हा चर्चा सुरू झाली. पप्पांचं मन डेंटलकडे होतं. ते काही वाईट बोलले नाहीत, बाप म्हणूनच बोलले. "मितू, डोळ्यासमोर राहशील. स्वतःचा दवाखाना टाकता येईल. तिकडे एकटी, हॉस्टेलवर, साडेपाच वर्षं..."

मितू म्हणाली, "पप्पा, मी दातांची डॉक्टर ठीकठाक होईन. पण ठीकठाकच. मला यात ठीकठाकपेक्षा पुढं जाता येईल, असं वाटतं."

पप्पांनी बाबांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, आता बाबा आपल्या बाजूनं बोलतील. बाबा पेपर वाचत होते. पेपर न सोडता म्हणाले, "मी जातो तिला घेऊन. त्यो मुलूख मला माहीत हाय."

विषय संपला. पप्पांना सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही तिघं गेलो, बाबा, मितू आणि मी. पहाटे उतरलो तेव्हा काळ्या मातीचा वास आला आणि बाबा फलाटावर जरा वेळ नुसतेच उभे राहिले. कॉलेजच्या दारात काचेच्या पेटीत घोड्याचा सांगाडा होता. बाबा त्याच्या भोवती फिरले. प्रत्येक हाडाखालची चिठ्ठी त्यांनी चष्मा वरखाली करून वाचली. कागद तपासायची रांग लांब होती, पण आमच्या पुढचे-मागचे सगळे शेतकऱ्यांच्या घरचे, गप्पा मारत होते, कुणाकडे किती दुभती, कुणाचा बैल कसा.

दुपारी नव्या मुलांना आणि पालकांना एका हॉलमध्ये बसवलं. एक वयस्क प्राध्यापक बोलायला उभे राहिले. त्यांनी विचारलं, "किती जणांच्या घरी जनावरं आहेत?" भराभर हात वर झाले. मितूचा खाली. सरांची नजर तिच्यावर गेली. "तू बाळ? मुंबईची? मग इकडं कशी काय?"

मितू उभी राहिली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बाबा.

"सर, आमच्या घरी जनावर कधीच नव्हतं. पण माझे पणजोबा गावातली मेलेली जनावरं ओढायचे. गावानंच ते काम त्यांच्यावर टाकलं होतं. मग त्यांनी ते सोडलं, त्रास सोसला, आणि आजोबांना शिकवलं. हे माझे आजोबा. मला जनावरं जगवायला शिकायचंय."

ज्या गोष्टीवर बाबांनी आयुष्यभर इस्त्रीचे शर्ट घातले, ती तिनं भरल्या सभागृहात, त्यांच्याच मुलखात, त्यांच्याकडे हात करून सांगितली होती. मला बाबांकडे बघायची भीती वाटली. सरांनी चष्मा काढला. ते व्यासपीठावरून खाली उतरले, आमच्या रांगेपर्यंत आले आणि बाबांना नमस्कार केला. "साहेब, तुम्ही आलात, बरं झालं," एवढंच म्हणाले. बाबा उठून उभे राहिले. त्यांनी नमस्कार केला, आणि खाली बसायचंच विसरले. बाकीचं सगळं भाषण त्यांनी उभं राहूनच ऐकलं. मागच्या रांगेतल्या कुणी तक्रार केली नाही.

अभिमान म्हणजे काय, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत होतं असं वाटत होतं. मुलीला बक्षीस मिळालं की टाळ्या वाजवताना होतं ते, किंवा शेजारणीला पेढे देताना होतं ते. पण तो तेवढ्यापुरता असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांतून आपल्याकडे बघण्याचा. त्या हॉलमध्ये मला जे झालं त्यात आजूबाजूचं कुणीच नव्हतं. पाठीचा कणा कुणीतरी मागून हळूच सरळ करावा, तसं काहीतरी. अजूनही ड्यूटीवर दमले, एखादा डॉक्टर सगळ्यांसमोर खेकसला, की मी त्या हॉलमध्ये जाऊन येते.

पुढची वर्षं फोनवर गेली. पहिल्या वर्षी तिच्या केसांना फॉर्मलीनचा वास यायचा, धुतला तरी जायचा नाही म्हणे. दुसऱ्या वर्षी बैलानं लाथ मारली, मांडी काळीनिळी, आणि ही फोनवर हसतेय, "आई, मॅडम म्हणाल्या होत्या ना!" एका विषयात नापास झाली, परत दिला. सुट्टीत आली की तिचे हात बघायचे मी. नखं कापलेली, तळव्यांना घट्टे, मनगट भरलेलं. लग्नाच्या गोष्टी करणाऱ्या एका नातेवाईक बाईंनी म्हटलं, "हात किती रांगडे झाले गं पोरीचे." बाबा तिथंच होते. ते म्हणाले, "कामाचे झाले."

आता घरी आली तरी ती थेट बाथरूममध्ये पळत नाही. येते, बाबांच्या शेजारी बसते, आणि मग चहा होईपर्यंत दोघांचं चालू असतं. कुठल्या गावात लाळ्या-खुरकूत आला, लसीकरणाला कोण पळून गेलं, कुणाची गाय दुधाला कमी का पडली. पूर्वी गावाचं नाव न काढणारा माणूस आता वाड्यावस्त्यांची नावं विचारत असतो. त्या गावाला कुठून जातात, ओढ्यावर पूल झाला का, शाळेपुढचं लिंबाचं झाड आहे का अजून.

गेल्या वर्षी डिग्रीची परीक्षा झाली आणि इंटर्नशिपमध्ये काही महिने तिची नेमणूक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात झाली. बाबांच्याच तालुक्यात. मुद्दाम मागून घेतली की आपसूक मिळाली, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. आता तेही संपलं, नाव नोंदवून झालं, आणि ती तिकडेच राहून सरकारी परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे. त्या नेमणुकीच्या दिवसांतली एक सकाळ सांगायची राहिली.

बाबा पेपर वाचत होते. फोन वाजला. नंबर अनोळखी. त्यांनी स्पीकर लावला, हल्ली ऐकायला कमी येतं म्हणून.

"वाघमारे काका का? मी गावाकडून बोलतोय. तुमच्या भावकीनं नंबर दिला, मितूचे आजोबा म्हणून." मग त्या माणसानं आपलं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. आजोबांचं नाव आलं तसे बाबा खुर्चीत ताठ बसले. गावातलं मोठं घर असावं, मी एवढं ओळखलं. "काका, तुमची नात आपल्या दवाखान्यात आलीय म्हणं. आमची म्हैस कालपासनं खाईना. जरा मितूला सांगा ना, लवकर ये म्हणावं. तुमचं ऐकंल ती."

बाबांनी फोन हातात घेतला. मला वाटलं, आता फोन ठेवतील. त्या घरासमोर त्यांच्या बापाला काय काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे.

"रवंथ करायली का?" बाबांनी विचारलं.

"आँ? न्हाई, सकाळपासनं न्हाई."

"शेण टाकलं?"

"थोडंसं. घट्ट."

"डावीकडनं पोट फुगलंय का बघा. आन काही चारू-बिरू नका मनानं. दवाखान्यात कळवा, तिथं मोठे साहेब हायेत, ते आन ती दोघं मिळून येतील. जनावराला थांबवायचं न्हाई, मी पण सांगतो तिला फोन करून." मग अगदी शांतपणे ते म्हणाले, "आन ऐका. मितू तिला आम्ही म्हणतो, घरात. तुम्ही डॉक्टर म्हणा."

पलीकडून लगेच आलं, "हो हो काका, डॉक्टरच. डॉक्टर मॅडमच म्हणतो. चुकलं."

बाबांनी नातीला फोन लावला, गावाचं नाव, घराचं नाव, लक्षणं, सगळं नीट सांगितलं. नंतर मोबाईल टेबलावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. धावपट्टीवरून एक विमान सुटलं, आवाज विरून गेला, तरी ते तसेच. मी विचारलं, "बाबा, चहा ठेवू?"

"ठेव," ते म्हणाले. "आन आज साखर घाल."

बाबांना शुगर आहे आणि मी नर्स आहे. तरी घातली.